गावाच्या सांडपाण्यासाठी यंत्र घ्यावे की तळे खोदावे?

ओढाकाठ (ग्रामपंचायत सदस्य, परभणी जिल्हा):
आमचे गाव काळ्या मातीत वसलेले असून लोकसंख्या सुमारे 1900 आहे. घरोघर नळ आल्यापासून गटारे बारमाही वाहू लागली आहेत. त्यांचे सगळे पाणी ओढ्याला मिळते आणि त्याच ओढ्याच्या काठी, थोडे खालच्या अंगाला, गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर आहे. एका ठेकेदाराने विजेवर चालणारे सांडपाणी प्रक्रिया यंत्र बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. काही सदस्य घरोघर शोषखड्डे घ्या म्हणतात. परंतु पूर्वी खोदलेले खड्डे पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब भरले होते. ग्रामसभेपुढे काय मांडावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त उपअभियंता:
आधी पाणी किती, ते पाहू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी 55 लिटर पाणी मिळते असे धरले, तर रोजचा पुरवठा 1,04,500 लिटर होतो. त्यातील साधारण 70 टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे मानल्यास रोज सुमारे 73 घनमीटर पाणी हाताळावे लागेल.

यंत्राबाबत माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. त्यातील जिवाणूंना सतत हवा द्यावी लागते; वीज बराच काळ गेली की ते मरू लागतात आणि पुन्हा जम बसायला अनेक दिवस लागतात. ज्या ग्रामपंचायतीला पथदिव्यांचे बिल भरतानाही ओढाताण होते, तिने चोवीस तास चालणाऱ्या मोटारीचा भार उचलावा, हे मला व्यवहार्य वाटत नाही. ठेकेदार यंत्राची किंमत सांगतो. चालकाचा पगार आणि दुरुस्ती यांचा हिशेब मात्र त्याच्याकडून लेखी घ्यावा.

त्याऐवजी उताराने पाणी येईल अशा जागी स्थिरीकरण तळे घ्यावे. सुरुवातीला जाळी आणि गाळ बसण्याची टाकी, मग एकापुढे एक दोन-तीन उथळ कप्पे, एवढीच त्याची रचना असते. उन्हात शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते आणि त्यावर जिवाणू घाण कुजवतात. वीज लागतच नाही. पाणी दहा दिवस थांबवायचे आणि सरासरी खोली 1.2 मीटर धरायची, तर पाण्याखालील क्षेत्र सहा गुंठ्यांच्या आसपास येते. बांध व वाट धरून दहा गुंठे लागतील. ज्या काळ्या मातीने तुमचे शोषखड्डे बुडवले, तीच तळ्याच्या उपयोगी पडते, कारण नीट दाबून बसवल्यास तिच्यातून पाणी फारसे झिरपत नाही. ती सुकली की भेगाळते, म्हणून तळे पूर्ण कोरडे पडू देऊ नये.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद होती. तुमच्या गावासाठी ती रक्कम 5,32,000 रुपये होते. सध्याची स्थिती जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षाकडून तपासून घ्यावी.

मुरूमवाट (नांदेड):
शोषखड्डे सरसकट बाद करू नयेत. आमच्या जिल्ह्यातील टेंभुर्णी गाव शोषखड्ड्यांमुळेच डासमुक्त म्हणून ओळखले जाऊ लागले. खड्ड्याच्या मध्यभागी छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड, अशी ती रचना असून गाळ टाकीतच साचत असल्यामुळे तो काढता येतो. तुमचे खड्डे भरले, त्याचे एक कारण ते काळ्या मातीतच संपले असावेत, हे असू शकते. बऱ्याच ठिकाणी काही फुटांखाली मुरूम लागतो आणि तेथपर्यंत खोदल्यास पाणी मुरते. दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊन त्यात पाणी भरावे आणि ते किती वेळात उतरते ते पाहावे. हे पावसाळ्यात पाहिले तरच खरे उत्तर मिळेल, कारण भूजल वर आले असेल तर मुरमातला खड्डाही निरुपयोगी आणि विहिरीला धोकादायक ठरतो. जेथे पाणी मुरते तेथे खड्डे आणि उरलेल्या वस्तीचे पाणी तळ्यात, असे केल्यास तळेही लहान लागेल.

ओढाकाठ:
दोघांचेही आभार. एक अडचण सांगायची राहिली. कित्येक घरांच्या सेप्टिक टाकीचा पाइप थेट गटारात सोडलेला आहे. तळे हे पाणी पेलेल का?

निवृत्त उपअभियंता:
ही बाब मूळ प्रश्नापेक्षा महत्त्वाची आहे. मोरीचे पाणी आणि शौचालयाचे पाणी एकत्र झाले की रोगजंतूंचा भार कितीतरी वाढतो. माझा वर दिलेला हिशेब केवळ मोरीच्या पाण्याचा आहे. मिश्र पाण्यासाठी आधी खोल कप्पा आणि अधिक दिवसांचा मुक्काम लागेल. म्हणून आधी ग्रामसभेत ठराव करून ते पाइप बंद करावेत आणि शक्य तेथे प्रत्येक टाकीचे पाणी विहिरीपासून दूर, स्वतंत्र शोषखड्ड्यात सोडायला लावावे. जेथे मुरूम लागत नाही, त्या घरांचे पाणी तळ्याकडे आणणे अपरिहार्य असेल, तर तशी घरे मोजून त्यांच्यासह आराखडा करून घ्यावा. तळ्याची जागा निवडताना बाहेर पडणारे पाणी विहिरीच्या खालच्या अंगाला ओढ्यात मिळेल, हे पाहावे. गायरान घ्यायचे असल्यास परवानगीचा अर्ज आताच करावा, कारण त्यालाच सर्वाधिक वेळ लागतो.