डुकराचा कॉर्निया कुत्र्याला बसवून माणसाचं काय भलं?

कोपरीकर: आमच्या मोत्याच्या डाव्या डोळ्यावर दुधी डाग पडलाय. तलावपाळीवर फिरवताना डावीकडचे खांब दिसत नाहीत, धडकतो बिचारा. त्याचंच वाचताना कळलं, डुकराचा कॉर्निया, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, माणसाला बसवता यावा म्हणून आधी कुत्र्यांना बसवून प्रयोग होतात. कुत्राच का?

नेरुळची पशुवैद्य: जाडी. कुत्र्याचा कॉर्निया अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड, जवळपास आपल्यासारखाच; सशाचा पातळ. त्यामुळे माणसासाठीची हत्यारं नि टाके चालतात. पण खरी मेख पुढे आहे. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते. ती कुत्र्यातही असते, माणसात नाही. आपल्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी तिच्यावर तुटून पडतात. कुत्र्यात तो हल्ला दिसणारच नाही. म्हणून पुढची परीक्षा ही साखर नसलेल्या माकडांवर.

कळव्याचा बंड्या: १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर किसम यांनी डुकराचा कॉर्निया थेट माणसालाच बसवला होता! टिकला नाही अर्थात. माणसाचा माणसाला यशस्वी बसला तो १९०५ मध्ये, डॉक्टर झिर्म यांच्या हातून.

कोपरीकर: ते ठीक, मोत्याचं काय करू?

नेरुळची पशुवैद्य: डॉक्टरकडून फ्लुरोसीन या रंगाचा थेंब टाकून घ्या, जखम असली तर हिरवी चमकते. तोवर घरातले स्टिरॉइडचे थेंब अजिबात नकोत. डोळा फुटायची वेळ येते.