‘सदोष मनुष्यवध’ आत्याला कसा समजावू? (खानापूर, जि. बेळगाव)

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडलोय. घरातल्या माणसाचा प्रश्न आहे, म्हणून नीट विचार करून सांगा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात बांधावरून भावकीत जुंपली. पाणी कुणाच्या वाफ्यात सोडायचं एवढंच कारण. तोंडातोंडी वाढत गेली आणि आतेभावाच्या हातातल्या खोऱ्याचा दांडा समोरच्याच्या डोक्यात बसला. एकदाच. तिसऱ्या दिवशी तो माणूस दवाखान्यात वारला. तोही आमचाच, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीय. पोलिसांनी कलम १०३ लावलं, म्हणजे खून. वकील म्हणतात हे १०५ मध्ये बसतं, त्यावरच लढायचं.

आरोपपत्र सगळं कन्नडात. आत्याला कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. ती म्हणाली, “वकील काय म्हणतोय ते मराठीत एका कागदावर लिहून दे.” मी लिहिलं, ‘हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे.’ तिनं अक्षरावर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि विचारलं, “सदोष म्हणजे दोष हाय म्हणूनच की? मग वकिलानं वेगळं काय सांगितलं? आणि वध कशाला लिहिलास? माझं पोर काय कंसाला मारायला गेलं होतं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेजारचे गुरुजी म्हणाले, ‘नरहत्या’ लिही, कन्नडात नरहत्येच म्हणतात. बेळगावचा मित्र म्हणतो, ही उसनवारी आहे, मराठीत चालणार नाही. काय लिहू?

टिळकवाडी:
मित्राचं बरोबर आहे. मराठीत ठरलेला शब्द ‘सदोष मनुष्यवध’. महाराष्ट्रातल्या कोर्टांत आणि वर्तमानपत्रांत तोच चालतो. इथं उताऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत मराठी गेली. आता घरातल्या कागदावरही कन्नड शब्द बसवायचा म्हटलं तर राहिलं काय?

कडोलीकर:
नरहत्या कन्नड कधीपासून झाला? नर संस्कृत, हत्या संस्कृत. ब्रह्महत्या, गोहत्या, आत्महत्या आपण रोज म्हणतो. शेजाऱ्यानं वापरला म्हणून आपला शब्द टाकून द्यायचा हा कुठला अभिमान? उलट ‘वध’ पुराणातला. कीचकवध, जरासंधवध. ज्याचा वध होतो तो दुष्टच असतो असा त्या शब्दाचा वास आहे. मेलेला माणूस भावकीतलाच असताना तो शब्द आत्याबाईंना टोचणारच.

टिळकवाडी:
वास बदलतो. ‘गोवंशवध’ म्हणताना कुणी गायीला दुष्ट म्हणत नाही.

काळा कोट:
चिकोडी आणि बेळगावच्या कोर्टांत बरीच वर्षं फौजदारी कामं चालवतो, म्हणून लिहितो. आत्याबाई अडल्या त्या बरोबर जागी अडल्या.

माणसाच्या हातून माणूस मेला की तो मनुष्यवध. तो निर्दोषही असू शकतो. जिवावर बेतलं तेव्हा हद्दीत राहून स्वतःला वाचवलं, किंवा काळजी घेऊन कायदेशीर काम करतानाही निव्वळ अपघात झाला, तर गुन्हा नाही. जिथं मारायचा इरादा होता, किंवा जीव जाण्याइतकी इजा करायचा इरादा होता, किंवा यानं माणूस मरू शकतो याची जाणीव होती, तिथं तो सदोष. म्हणजे दोष मनाचा. बिघडलेल्या यंत्राला आपण सदोष म्हणतो, तो अर्थ इथं घेऊ नका.

आता तुमच्या कागदावरची चूक. खून हासुद्धा सदोष मनुष्यवधच आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली पुन्नय्या खटल्यात हे जात आणि पोटजात अशा भाषेत मांडलंय. प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. त्यामुळं ‘खून नाही, सदोष मनुष्यवध आहे’ हे वाक्य अर्धंच राहतं. पूर्ण नाव ‘खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध’. लांब आहे, पण तुमच्या आतेभावाचं सगळं आयुष्य त्या ‘न मोडणारा’वर टांगलंय. १०३ ला जन्मठेप किंवा फाशी. १०५ मध्ये इरादा सिद्ध झाला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं कैद आणि दंड. नुसती जाणीव सिद्ध झाली तर १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

निपाणीची सून:
आमच्या सासूबाई ‘तीनशेदोन लागलं’ म्हणायच्या, त्यात सगळं यायचं. आकडे बदलून केवढा घोळ झालाय. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्यात ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. आणि जुनं ३०४, म्हणजे आताचं १०५, ज्याच्यावर ही सगळी चर्चा आहे, तो आकडा आता हिसकावून चोरी करण्याला दिलाय. बाजारात मात्र अजून तीनशेदोनच. आणि कुणाला मरेस्तोवर मारलं पण तो जगला तर ‘हाफ मर्डर’. हा शब्द निपाणीत मराठी माणूसही बोलतो, कन्नड माणूसही बोलतो, आणि कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

टिळकवाडी:
म्हणून ‘हाफ मर्डर’ कागदावर लिहायचं?

निपाणीची सून:
तसं कुठं म्हटलं? लोकांना जो भेद महत्त्वाचा वाटतो त्याला लोक स्वतः शब्द काढतात, एवढंच म्हणतेय. मेला की जगला, याला शब्द निघाला. ठरवून मारलं की रागात लागलं, याला निघाला नाही. तिथंच आत्या एकट्या पडल्यात.

मलप्रभाकाठ:
ताई, हे अगदी खरं. गावात दोनच शब्द आहेत, ‘मारलं’ आणि ‘मेला’. मधलं काहीच नाही.

कडोलीकर:
टिळकवाडीकर, ‘खून’ तरी कुठं आपला? फारसी, अर्थ रक्त. जामीन, कैद, फिर्याद, वकील, मुद्देमाल सगळे तिकडचेच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी भाषाशुद्धी केली, तरी कोर्टाच्या पायरीवर फारसीच उभी आहे. तिथं एक ‘नरहत्या’ बाटवणार ती काय!

टिळकवाडी:
खून हा ‘क्षुण्ण’वरून आला असं माझे आजोबा सांगायचे. क्षुण्ण म्हणजे चेचलेला, ठेचलेला. आणि ‘खूण’सुद्धा त्याच घरातली. चेचल्यावर जी राहते ती खूण.

कडोलीकर:
आजोबांविषयी आदर ठेवून सांगतो, खून आणि खूण यांचा संबंध नाही. ‘न’ आणि ‘ण’ वेगळे आहेत. बेळगावात बोलताना ते एकमेकांत मिसळतात म्हणून कूळ एक होत नाही. खूनचा अर्थ फारसीत आणि उर्दूत आजही रक्त असाच आहे. त्याहून मोठा पुरावा कुठला हवा? आणि आमच्या पलीकडच्या गावात कन्नड बोलणारी म्हातारी माणसं खुनाला ‘कोले’ हा कन्नड शब्द वापरत नाहीत, ‘खूनि आगेद’ (खून झालाय) म्हणतात. म्हणजे हा शब्द दोन्ही अंगणांत एकाच दारानं आला.

काळा कोट:
मूळ मुद्द्यावर येतो. मलप्रभाकाठ, आत्याबाईंना शब्दाऐवजी वकील कोर्टात काय दाखवणार ते सांगा. खुनाच्या कलमाला पाच अपवाद आहेत. तुमच्या कामाचा चौथा. आधी काही ठरलेलं नव्हतं, भांडण अचानक पेटलं, त्या रागाच्या भरात वार झाला, आणि समोरच्याचा गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही. आधी कुणी डिवचलं हे इथं बघत नाहीत. खोरं भांडणासाठी आणलं नव्हतं, पाणी वळवायला हातात होतंच, हे फार महत्त्वाचं. वार एक की दहा, तेही. अपवाद दाखवायचं ओझं आरोपीवर असतं, पण ते सरकार पक्षाइतकं जड नसतं. शक्यतेचं पारडं आपल्याकडं झुकलं तरी पुरतं.

मधे किती वेळ गेला हे विशेष जपा. १९५९ च्या नानावटी खटल्यात, म्हणजे नौदल अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळी घातली त्यात, चिथावणीचा अपवाद मागितला होता. ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, पण हायकोर्टानं खून धरला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. कारण बायकोचं बोलणं ऐकणं आणि गोळी झाडणं यात जवळपास तीन तास गेले होते. राग निवायला तेवढा वेळ पुरे होता.

मलप्रभाकाठ:
‘राग निवायच्या आत’. वकीलसाहेब, हे आत्याला कळेल. चुलीवरचं निवतं, तसा राग निवतो. हे मी कागदावर लिहितो.

आणि एक सांगायचं राहिलं. काल गेलो तर आत्यानं माझ्या ओळीवर काट मारली होती आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हातून मानूस गेला’. कागद देव्हाऱ्यात ठेवलाय. हिंडलग्याच्या जेलला भेटीला जाताना सोबत घेऊन जाते.

काळा कोट:
भावना कळते. पण तो कागद कुणाला साक्षीपुराव्यात दाखवू नका. ‘हातून गेला’ हे १०६ लाही लागू पडतं, म्हणजे निष्काळजीपणानं झालेला मृत्यू. ट्रॅक्टरखाली माणूस आला तरी आपण तसंच म्हणतो. तिथं शिक्षा ५ वर्षांपर्यंत आणि जामीन हक्कानं मिळतो. इथं तसं नाही.

निपाणीची सून:
वकीलसाहेब, तो कागद तिनं कोर्टासाठी लिहिलेला नाही.

कडोलीकर:
‘मानूस’ असंच लिहिलंय ना त्यांनी? ‘न’नं? बघा टिळकवाडीकर, आपल्याकडं ‘ण’चा ‘न’ होतो तो असा.

टिळकवाडी:
मग खूणचा खून का होऊ नये, तेच तर विचारतोय. घाटाखाली कुणी ‘खून’ रक्त या अर्थानं मराठीत वापरलेलं ऐकलंय का? असेल तर सांगा, मी मागं घेतो.