किरणोत्सारी जंगल: तोडावं की तसंच राहू द्यावं?

आडवाट
अणुभट्टीच्या अपघातानंतर घरं, शेतं, मैदानं धुऊन-खरवडून साफ करतात. जंगलाचं काय करायचं, हे मात्र भिजत पडतं. जपानच्या फुकुशिमा प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे. २०११ च्या अणुभट्टी अपघातानंतर तिथे वस्तीलगतचा साधारण २० मीटरचा पट्टा साफ केला आणि आतलं रान बहुतांशी तसंच ठेवलं. माझ्या मते हेच योग्य. भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी सीझियम आधी सदाहरित झाडांच्या शेंड्यांत अडकलं, मग पावसाबरोबर, गळत्या पानांबरोबर खाली आलं. आता त्यातलं बहुतेक मातीच्या वरच्या चार बोटांत चिकणमातीला घट्ट धरून बसलंय. झाडं तोडून पाचोळा खरवडला तर तीच माती उघडी पडणार आणि पावसात ओढ्याला लागणार.

पानगळ
अजिबात पटलं नाही. जंगल म्हणजे नुसती माती नव्हे, तिथे माणसांचं पोट आहे. फुकुशिमाच्या आबुकुमा डोंगरांतून शिताके अळंब्यांसाठी ओकचे ओंडके जपानभर जायचे. झाड साधारण वीस वर्षांचं झालं की तोडायचं, ओंडक्याला भोकं पाडून त्यांत बुरशीचं बियाणं ठोकायचं, ओंडके सावलीत रचायचे. इकडे बुंध्याला नवे धुमारे फुटतात आणि पुढची पाळी सुरू होते. आता या ओंडक्यांना किलोमागे ५० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) मर्यादा आहे. आणि सीझियम पोटॅशियमसारखंच वागतं, त्यामुळे मुळं ते आत ओढतात. वेळेवर न तोडलेली झाडं जाडजूड होऊन त्या कामाची उरत नाहीत. म्हणजे तुम्ही ‘राहू द्या’ म्हणता तेव्हा कुणाची तरी पिढीजात विद्या संपत असते. सीझियम-१३७ निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात. तोवर ओंडक्याला भोक कसं पाडायचं हे शिकवायला कोण उरेल?

देवडी
तोडणाऱ्यांनी चेर्नोबिल विसरू नये. १९८६ मध्ये तिथल्या अणुभट्टीच्या अपघातानंतर जवळची पाइनची झाडं विटकरी होऊन मेली. बर्च तुलनेने तगले. मेलेलं रान बुलडोझरने आडवं करून चरांत पुरलं, आणि कुजणाऱ्या लाकडातलं स्ट्रॉन्शियम हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य भूजलाकडे झिरपू लागलं. पुरलं म्हणजे संपलं नाही.

पानगळ
आणि न तोडता ठेवलेलं? एप्रिल २०२० मध्ये त्याच चेर्नोबिलभोवती माणसांना बंदी असलेल्या क्षेत्रात वणवे पेटले. वाळका पाचोळा, पडलेली खोडं, विझवायला माणसं तोकडी. दूरच्या शहरांत पोचलेली किरणोत्साराची मात्रा किरकोळ होती, मान्य. पण त्या धुरात उभं राहून आग विझवणाऱ्याला हे सांगून बघा.

आडवाट
वणव्याचं खरं आहे. वणवा अडवणारे मोकळे जाळपट्टे राखायलाच हवेत, तेवढ्यापुरती तोड मलाही मान्य. ओंडक्यांचा मुद्दा मी धरलाच नव्हता, ती माझी चूक. पण सबंध डोंगर खरवडायला माझा विरोध कायम आहे. काढलेली माती आणि पाचोळा नेऊन टाकणार कुठे? कुणाच्या तरी गावाशेजारीच ना?

पानगळ
सबंध डोंगर मी कुठे म्हणतोय? ओकचे तेवढे तुकडे पाळीपाळीने तोडा, जमिनीत पोटॅशियम कमी असेल तिथे घाला म्हणजे मुळं सीझियम कमी ओढतील, नव्या धुमाऱ्यांची मोजणी दरवर्षी करा. जिथे आकडा ५० च्या खाली येईल तिथला ओंडका त्या शेतकऱ्याला परत मिळू द्या.