मदत हवी आहे : ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मराठी शोधासाठी कोणती जावास्क्रिप्ट साधने वापरावीत?

नमस्कार. आमच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथसूची मी एका साध्या वेबपानावर आणत आहे. सर्व नोंदी एका जेसॉन (माहिती साठवण्याचा साधा मजकुरी साचा) फाइलमध्ये आहेत आणि शोध ब्राउझरमध्येच चालावा, म्हणजे इंटरनेट बंद पडले तरी देवघेव विभागातल्या संगणकावर पुस्तक सापडेल, असा उद्देश आहे.

अडचण अशी, की पडद्यावर तंतोतंत सारखा दिसणारा शब्दही शोधात सापडत नाही. 'वऱ्हाड' हा शब्द पाहा. काही नोंदींमध्ये तो नुक्ता असलेल्या 'ऱ'ने (युनिकोड क्रमांक यू+०९३१) लिहिलेला आहे, तर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या नोंदींमध्ये साधा 'र', त्याला हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी, पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह) अशी रचना आहे. दोन्हींतून र सारखाच उमटतो, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ते दोन निराळे शब्द ठरतात. 'ॲ'चेही तेच. यू+०९७२ हे त्याचे स्वतंत्र चिन्ह युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आले. 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिण्याची पद्धत मात्र आजही सर्रास आढळते. जावास्क्रिप्टमधलीच 'नॉर्मलाइझ' पद्धत एनएफसी रूपासह (सुटी चिन्हे जोडून एकच प्रमाण रूप देणारे युनिकोडचे रूप) लावून पाहिली. तिने 'र' आणि सुटा नुक्ता यांचा 'ऱ' नीट केला, परंतु वरच्या दोन्ही जोड्या तशाच राहिल्या, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही.

जॉइनर सरसकट काढून टाकणे मला पटत नाही. 'आचाऱ्यांना' हा शब्द जॉइनर वापरून लिहिलेला असेल, तर तो काढताच 'आचार्यांना' होतो. ग्रंथसूचीत असा अर्थबदल चालणार नाही.

शोधासाठी लुनर.जेएस ही तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतली, तर मराठी शब्दाला एकही निकाल येत नाही. इंग्रजी शीर्षके मात्र व्यवस्थित सापडतात. याचे कारण काय असावे, आणि त्याऐवजी मिनीसर्च घ्यावे की फ्यूज.जेएस? शिवाय नेहमीच्या 'सॉर्ट'ने यादी लावली, की 'ॲ'ने सुरू होणारी पुस्तके 'ह'च्याही खाली जातात. शेवटचे म्हणजे, 'विद' शोधल्यावर 'विद्या' या शब्दात रंग 'द'पाशी तुटतो आणि जोडाक्षर अर्धे रंगते. यातल्या कोणत्याही मुद्द्यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण जॉइनर सरसकट काढला नाहीत, हे फार योग्य केलेत. क्रम असा ठेवावा : प्रथम 'र + हलन्त + जॉइनर' जिथे असेल तिथे 'ऱ + हलन्त' करावे, 'अ + चंद्र' असेल तिथे 'ॲ' करावा, मग एनएफसी लावावे आणि उरलेले जॉइनर त्यानंतरच काढावेत. हे सर्व एका फंक्शनमध्ये आणि फक्त शोधासाठीच्या प्रतीवर करावे. वाचकाला दिसणारे शीर्षक मूळ नोंदीत असेल तसेच राहू द्यावे. शोधपेटीत टंकलेला मजकूरही याच फंक्शनमधून गेला पाहिजे.

लुनरचे कारण सरळ आहे. त्यातला ट्रिमर शब्दाच्या दोन्ही टोकांची 'शब्दात न बसणारी' चिन्हे छाटतो, आणि त्यासाठी वापरलेली रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हे जुळवण्याचा नमुना) फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर यांनाच शब्दाचा भाग समजते. त्यामुळे देवनागरी शब्द पूर्ण छाटला जाऊन रिकामा उरतो. मिनीसर्च युनिकोडमधील मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे यांवर शब्द तोडते, म्हणून तिथे काना-मात्रा शाबूत राहतात. शिवाय प्रत्येक शब्दावर प्रक्रिया करणाऱ्या 'प्रोसेसटर्म' या पर्यायात आपले फंक्शन देता येते. आपल्या कामासाठी मी तेच घेईन. फ्यूज अंदाजे जुळणी करते, पण तिची मोजणी चिन्हागणिक चालते, त्यामुळे मराठीत निकालांचा क्रम कधीकधी विचित्र लागतो. मिनीसर्चमध्येही अंदाजे जुळणी चालू केलीत तर लक्षात असू द्यावे, की 'हिंदी' आणि 'हिन्दी' यांत एक नव्हे, दोन चिन्हांचे अंतर आहे.

यादीसाठी जावास्क्रिप्टमधल्या, भाषेनुसार क्रम लावणाऱ्या 'इंटल.कोलेटर'ला मराठीचा भाषासंकेत द्यावा. साधे 'सॉर्ट' युनिकोड क्रमांकांनुसार लावते, म्हणून 'ॲ' शेवटी जातो आणि 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, जे आपल्या वर्णमालेला धरून नाही. रंगवण्यासाठी मजकुराचे अक्षरांत तुकडे करणारा 'इंटल.सेगमेंटर' घ्यावा आणि जुळणीची कड अक्षराच्या शेवटापर्यंत वाढवावी. फायरफॉक्समध्ये तो १२५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून आहे. मात्र जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला; जुन्या ब्राउझरमध्ये 'द्' आणि 'या' असे दोन तुकडे मिळू शकतात. ग्रंथालयातला संगणक जुना असेल, तर हे तपासून घ्यावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आपण सांगितलेल्या क्रमाने 'वऱ्हाड' सर्व नोंदींमध्ये सापडू लागला. आता एकच प्रश्न उरतो. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांच्या शीर्षकांत 'कांहीं', 'घरांत' अशी अनुच्चारित अनुस्वारांची रूपे आहेत, आणि आजचा वाचक 'काही', 'घरात' असे शोधतो. हे अनुस्वार काढून टाकावेत काय?

प्रतिसाद २

कृपया काढू नयेत. 'घरांत' हे आजच्या लेखनात अनेकवचनही आहे, आणि 'मुलांना'मधला अनुस्वार गेला तर शब्दच बिघडतो. मिनीसर्चच्या 'प्रोसेसटर्म'मधून एका शब्दाऐवजी शब्दांची यादी परत करता येते. नोंद अनुक्रमित करताना (म्हणजे शोधसूचीत घालताना) 'कांहीं' या शब्दासाठी 'कांहीं' आणि 'काही' अशी दोन्ही रूपे परत करावीत. नेहमी येणाऱ्या जुन्या रूपांची छोटी जोडसूची हाताने करावी आणि ती जेसॉन फाइलमध्येच ठेवावी, म्हणजे ग्रंथपालांना नवे रूप आढळले, की कोडला हात न लावता त्यात भर घालता येईल.