60 किमीच्या शर्यतीसाठी तयारी: घोडीची नाडी 64 वर यायला वेळ लागतो

प्रश्न (पागेवाला)
मारवाडी घोडी, वय 7. आठवड्यातून चार दिवस 15 किमी आणि रविवारी 30, सगळं दुडकीत, ताशी 14 च्या आसपास. थांबल्यानंतर 20 मिनिटांनीही नाडी 72, शर्यतीच्या तपासणीत तर 64 पर्यंत उतरलेली लागते. दोन महिन्यांनी 60 किमीत उतरवायचंय. अंतर वाढवू का?

खोगीर_तंग
अजिबात नको. आधी मोजणी तपासा. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावून 15 सेकंद मोजा, गुणिले चार. ‘लब-डब’ मिळून एक ठोका. 16 आले की 64, 18 आले की 72. म्हणजे दोनच ठोक्यांचा फरक आहे, घाईत चुकतो.

मोजणी बरोबर असेल तर वेग जास्त आहे. अंतर, वेग आणि चढ यांतलं एका वेळी एकच वाढवायचं असतं. तूर्त ताशी 10-11, अधेमधे चाल, आणि कामाचे दिवस तीनच. हृदय-फुप्फुसं दोन-तीन महिन्यांत तयार होतात. शिरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा) आणि हाडांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. घोडी दमत नाही म्हणून पळवत राहिलं की पाय जातात. रोज सकाळी गुडघ्याखाली मागच्या शिरेवरून हात फिरवा. एकच पाय गरम किंवा फुगलेला वाटला तर त्या दिवशी काम बंद.

सुट्टीच्या दिवशी चंदी (दाणा) निम्म्यावर आणा, वैरण तेवढीच ठेवा. पूर्ण चंदी खाऊन उभं राहिलेलं जनावर दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यात (ढुंगणाच्या स्नायूंत) आखडतं.

वेटगेट
शेवटचा किलोमीटर चालत या. उतरा, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा, मान, छाती आणि मांड्यांच्या आतून पाणी ओता. पाणी भरपूर असेल तर सलग ओतत राहा. मोजकंच असेल तर दर वेळी निपटून काढा, अंगावर राहिलेलं पाणी लगेच तापतं.

नाडी 64 झाली की 40 मीटर दुडकीत जाऊन परत आणा. निघाल्यापासून मिनिटभराने पुन्हा मोजा. चार किंवा जास्त ठोके वाढले तर घोडी थकलीय किंवा कुठेतरी दुखतंय.

पागेवाला
धन्यवाद दादा. पाण्यात खायचा सोडा टाकू का? काही मोतद्दार देतात.

खोगीर_तंग
सोडा नको. घामातून क्लोराइड भरपूर जातं, त्यामुळे लांब पल्ल्याला रक्त आधीच अल्कलीकडे झुकतं. सोड्याने ते आणखी बिघडतं आणि कुशी उचकीसारखी उडायला लागते. रोजच्या चंदीत 25-30 ग्रॅम साधं मीठ पुरे. लांबच्या दिवशी त्यात पोटॅशियमवालं मीठ मिसळा, पण घोडी पाणी प्यायल्यावरच द्या. तहानलेल्या जनावराला मीठ पाजलं तर आतडी अंगातलंच पाणी ओढून घेतात.