टर्नटेबलला दगडी प्लिंथ: माझं मत हो, पण कुठलाही दगड नको

तबकडीवेडा (धागाकर्ता)
माझ्याकडे जुनं आयडलर ड्राइव्ह टर्नटेबल आहे (रेकॉर्ड वाजवायचं मशीन, यात मोटर रबरी चाकामार्फत तबकडी फिरवते), 1950च्या दशकातल्या गॅरार्ड 301च्या घराण्यातलं, म्हणजे मोटर दणकट आणि थरथर पण तेवढीच दणकट. त्याची प्लिंथ, म्हणजे मशीन बसतं ती खालची बैठक, पोकळ प्लायवूड पेटीची होती, मोटर चालू करून पेटीवर हात ठेवला की बोटांना थरथर लागायची आणि गाण्यातल्या शांत जागी मागे बारीक घरघर ऐकू यायची. आता पाटीचा दगड घेऊन अखंड प्लिंथ केली, 45 बाय 40 सेंमी, 4 सेंमी जाड, कापायच्या आधी वजन जवळपास 20 किलो. घरघर गेली, बास आवळला गेला, आणि तबला ऐकताना थाप कुठे संपते ते कळायला लागलं. लोक केबल बदलत बसतात आणि मशीन मात्र पोकळ खोक्यावर ठेवतात याचं मला खरंच वाईट वाटतं. मी तर म्हणतो टर्नटेबलखाली दगडासारखं दुसरं काही नाही.

लाकूडच बरं
अभिनंदन, पण तुलना बरोबर नाही. पोकळ पेटी म्हणजे ढोलच, त्याच्यापुढे काहीही शांत वाटणार. बर्च प्लायचे थर चिकटवून 4-5 सेंमीचा भरीव ठोकळा करा आणि मग सांगा. दगड जड आहे म्हणून शांत आहे हा समजच मुळात चुकीचा आहे. वजनामुळे कंपन लहान होतं, ते मुरत नाही, मुरवायचं काम डॅम्पिंगचं. ग्रॅनाइटचा लांबट तुकडा दोरीला टांगून लाकडी हातोडीने हलकेच वाजवा, कसा खणखणतो बघा. कारखान्यात मोजमापाला ग्रॅनाइटचे टेबल वापरतात म्हणून इथे पण चालेल असं बरेच जण लिहितात, पण ते सपाट राहतं, गंजत नाही, तापमानाने फारसं हलत नाही यासाठी असतं, शांततेसाठी नाही.

तबकडीवेडा
ग्रॅनाइटबद्दल मान्य, संगमरवराचंही तेच, म्हणून तर पाटीचा दगड घेतला. तो थराथराचा असतो, माझा तुकडा वाजवला तर आवाज बद्द येतो.

लाकूडच बरं
छपरावर पाटीचा दगड बसवणारे कारागीर प्रत्येक पाटी टिचकी मारून बघतात, खणखणली तर चांगली आणि बद्द वाजली तर आत तडा असायची शंका. मग तुमचा तुकडा बद्द का वाजतो ते पण तपासा एकदा.

तबकडीवेडा
छपराची पाटी काही मिलिमीटरची असते हो, माझा 4 सेंमीचा ठोकळा आहे, त्याला मोठी भोकं पाडलीत, वर मशीनची धातूची चासी (सांगाडा) बोल्टने आवळलीय. सगळं जोडल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. तडा मात्र बघतो, तो मुद्दा पटला.

नवा हात
मध्येच विचारतो. ओट्यावर सिंकसाठी कापून काढलेला 20 मिमी ग्रॅनाइट पडून आहे, त्याचे बुकशेल्फ स्पीकरचे डबे केले तर?

थरावर थर
स्पीकरला नको. टर्नटेबलमध्ये कंपनं बारीक असतात आणि खालच्या फ्रिक्वेन्सीची, तिथे वजनाचा उपयोग होतो. स्पीकरच्या डब्यात ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा कोन, स्वतःच भिंती हाणत असतो. एमडीएफची (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड, डबे सहसा याचेच) घनता घनमीटरला साधारण 750 किलो, ग्रॅनाइटची 2700, पण ग्रॅनाइट त्याहून कितीतरी पट ताठ आहे, त्यामुळे त्याच मापाच्या आणि जाडीच्या भिंतीचा रेझोनन्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला ती स्वतः घुमते ती, साधारण दुप्पट वर जातो. म्हणजे जिथे आपला कान सगळ्यात तिखट आहे त्या माणसाच्या आवाजाच्या पट्ट्याकडे, आणि तिथे तो लवकर विझत पण नाही. फक्त सबवूफर (नुसता खालचा बास वाजवणारा स्पीकर) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ड्रायव्हर एवढ्या वर वाजवतच नाही, ताठ दगड चालून जाईल. बीबीसीच्या इंजिनिअरांनी 1970च्या दशकात मॉनिटर स्पीकर (स्टुडिओत आवाज तपासायचे) करताना नेमकी उलटी वाट धरली, पातळ बर्च प्लाय आणि आतून डॅम्पिंगचा थर, भिंतीचा रेझोनन्स खाली ढकलायचा आणि तिथेच मुरवायचा. त्यांचा एलएस3/5ए हा छोटा स्पीकर त्याच विचारातून आला. दगडच हवा असेल तर दोन पातळ लाद्यांमध्ये मऊ राहणाऱ्या गोंदाचा थर द्या. नाहीतर दगडाची खडी एपॉक्सीत घालून ओता, मशीन टूलचे बेड असे करतात कारण ते बिडापेक्षा कंपन जास्त मुरवतं.

धुळीपासून सावध
सगळे आवाजावर बोलताय, कापण्यावर कोणीच नाही! ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतं आणि पाटीच्या दगडातही असतं, कोरडं ग्राइंडर चालवलं की जी बारीक धूळ उडते ती फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. गॅलरीत रुमाल बांधून दगड कापायचा नाही म्हणजे नाही. पाणी सोडूनच कापा, त्याच्या जोडीला योग्य मास्क, आणि शक्यतो दगडवाल्याला ड्रॉइंग देऊन त्याच्याकडून पाण्याखाली कापून घ्या.

तबकडीवेडा
मी तेच केलं, टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) भोक पण त्यांच्याकडूनच पाडून घेतलं. पहिला दगड मी घरी बोल्ट आवळताना कडेला फुटला होता, दोन आठवडे हात लावला नाही नंतर. बोल्ट थेट दगडात घेऊ नका, धातूचं इन्सर्ट एपॉक्सीने बसवा आणि कडेपासून लांब. एक अडचण मात्र अजून आहे, लाकडी फ्लोअरवर कोणी चाललं की सुई उडते, 20 किलो असूनही.

थरावर थर
उडणारच, फ्लोअर हलला की वजनासकट सगळंच हलतं. तिथे स्प्रिंग पाहिजे. टोनआर्म आणि कार्ट्रिजचा (सुई ज्यात बसते तो भाग) रेझोनन्स साधारण 8 ते 12 हर्ट्झला असतो, सस्पेन्शन त्याच्या बरंच खाली हवं. 3 हर्ट्झ गाठायचे तर वजनाखाली स्प्रिंग 28 मिमी दबली पाहिजे, अर्धा सेंमी दबणाऱ्या रबराच्या पायांनी ते होत नाही. नाहीतर सरळ भिंतीत शेल्फ ठोका.

लाकूडच बरं
ते करायच्या आधी एक करा. मोटर बंद, तबकडी थांबलेली, सुई तिच्यावर टेकवलेली, आणि प्लिंथला बोटाने टकटक करून आउटपुट रेकॉर्ड करा. मग मोटर चालू करा, तबकडी खाली टेकू देऊन स्थिर, आयडलर तिला लागलेला नसावा, परत रेकॉर्ड करा. जुन्या पेटीवर मशीन चढवून तेच. मी माझ्या प्लायच्या ठोकळ्यावर करून टाकतो.

तबकडीवेडा
जुनी पेटी माळ्यावर आहे, रविवारी काढतो. दोन्ही फाइल्स इथेच टाकेन. फक्त प्लायचा ठोकळा जिंकला तरी दगड मी काढणार नाही, आठ महिने घातलेत त्यात, मग त्याच्याखाली थर कुठला द्यायचा ते तुम्ही सांगा.