आभाळ "आलंय" म्हणजे नक्की काय आलंय?

पिंपळपान: काल सासूबाई ओरडत गच्चीवर आल्या, "अगं आभाळ आलंय, कुरडया काढ पटकन!" तर माझी सात वर्षांची लेक म्हणते, आभाळ तर रोजच असतं ना, मग आज आलं म्हणजे काय? मला उत्तरच देता आलं नाही. आभाळ म्हणजे आकाशच ना? मग "आकाश आलंय" असं आपण का म्हणत नाही?

गारवेल: लेकीने बरोब्बर पकडलंय! आभाळ आलंय संस्कृत 'अभ्र'वरून आणि अभ्र म्हणजे ढग, त्यामुळे सासूबाईंचा अर्थच मूळचा, आकाश हा अर्थ मागून चिकटला. "आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावणार" यात तो मागून आलेला अर्थ आहे. आकाश हा शब्द 'काश्' म्हणजे चमकणे या धातूवरून, प्रकाशही तिथूनच. आणि ते पंचमहाभूतांपैकी एक, सगळीकडे भरलेलं, ते येणार कुठून आणि जाणार कुठे.

द्राक्षबाग: आम्ही तासगावकडचे, आमच्यात आभाळ म्हणजे ढगच. दोन दिवस आभाळ राहिलं की डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची भीती, माणूस फवारणीचा पंप घेऊन बागेतच. आणि ऊन पडलं की "आभाळ उघडलं", हे म्हणताना जो जीव भांड्यात पडतो ना तो बागवाल्यालाच माहीत.

उत्तरवारा: मी नॉर्वेत राहतो, इथे ढगासाठीच्या शब्दाचं स्पेलिंग इंग्रजी 'स्काय'सारखंच (sky) आहे, उच्चार वेगळा, आणि हवामानाच्या अंदाजात ढगाळला 'श्यूएत' म्हणतात. इंग्रजीने हा शब्द जुन्या नॉर्सकडून, म्हणजे इथल्या जुन्या भाषेकडून उचलला तेव्हा तिथेही तो ढगच होता, नंतर त्याचं आकाश झालं. म्हणजे अगदी आभाळासारखंच, हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री घरी फोन करून सांगितलं.

मांडवीकाठ: कोंकणीत आकाशाला मळब म्हणतात. आणि मराठीत मळभ म्हणजे? दाटून आलेलं ढगाळ वातावरण!

पिंपळपान: किती छान, सगळं लेकीला वाचून दाखवलं. आता तिचा पुढचा प्रश्न, नभ पण ढगच का?

गारवेल: हो की! नभस् म्हणजे आधी धुकं, ढग. श्रावणाचं वैदिक नाव नभस् आणि भाद्रपदाचं नभस्य, दोन्ही पावसाचेच महिने. तिला सांगा, अजून विचार.